खेळाडू आणि प्रशिक्षकांसाठी बायबलचे धडे: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

संघात दोन-चार ख्रिस्ती खेळाडू असले की कधी ना कधी कुणीतरी विचारतं, "आठवड्यातून एकदा सरावानंतर बसून वचन वाचू या का?" कल्पना सगळ्यांना आवडते. मग घेणार कोण आणि घ्यायचं काय, इथे घोडं अडतं. पाळकांना खेळातलं फारसं ठाऊक नसतं आणि ज्यांना खेळ कळतो त्यांना आपण शास्त्र शिकवू शकू असं वाटत नाही. शेवटी एखादं जोशपूर्ण वचन, दोन मिनिटांची प्रार्थना आणि "चला, आज जिंकायचंच" एवढ्यावर भागवलं जातं. काही आठवड्यांनी तेही बंद पडतं.

हा लेख अशा गटाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे, मग तुम्ही खेळाडू असा, कोच असा, पालक असा किंवा संघाला भेट देणारे पाळक असा. धर्मशास्त्राची पदवी लागत नाही, पण तयारी लागते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं बहुतेक सगळं तिच्यावरच उभं आहे. जो धडा हरलेल्या किंवा संघाबाहेर बसलेल्या खेळाडूच्या कामाचा नाही, तो जिंकलेल्यालाही देऊ नका.

पायरी १: धडा आणि संघनिवड वेगळी ठेवा

ज्याच्या हातात संघनिवड आहे त्याने धडा घ्यावा का? माझं मत आहे, शक्यतो नको. कोच कितीही निःपक्षपाती असला तरी खेळाडूच्या मनात हिशेब चालूच असतो. सर घेतात म्हणजे जायलाच हवं. गेलो नाही आणि पुढच्या सामन्यात वगळलं, तर कारण तेच असणार. असा हिशेब करत बसलेला माणूस वचन ऐकत नसतो, हजेरी लावत असतो. त्यामुळे कोचने यायला हरकत नाही, पण सगळ्यांसारखं खाली बसावं. धडा एखाद्या ज्येष्ठ खेळाडूने किंवा बाहेरून येणाऱ्या व्यक्तीने घ्यावा.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. अमेरिकेत ब्रेमर्टन इथल्या सरकारी शाळेतले एक सहायक फुटबॉल प्रशिक्षक सामन्यानंतर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करत. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीशांनी मुलांवर येणाऱ्या दबावाचा मुद्दा मांडला होता. कायदा प्रत्येक देशात वेगळा असतो, पण तो दबाव सगळीकडे सारखाच असतो. कायद्याने चालतं म्हणून तो नाहीसा होत नाही.

व्यवहारात काय करायचं? संघाची सक्तीची बैठक पूर्ण संपू द्या. ज्यांना जायचंय ते गेले की मगच सुरू करा. हजेरी घेऊ नका. फोनवर निरोपांसाठी गट करायचा तर संघाच्या अधिकृत गटापासून वेगळा करा. शाळा, क्लब किंवा संस्थेच्या प्रमुखांची परवानगी आधी, लेखी घ्या. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची संमती हवी, दोन प्रौढ हजर हवेत आणि जागा चारचौघांच्या नजरेतली हवी. बंद खोलीत एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलणं नको, रात्री-अपरात्री वैयक्तिक मेसेज नकोत. इथे "आपल्यातलेच तर आहेत" ही सबब चालवून घेऊ नका.

इतर धर्मांचे किंवा कोणताच धर्म न मानणारे खेळाडू कुतूहलाने आले तर त्यांचं स्वागत करा आणि त्यांना निवांत ऐकू द्या. पण बूट, किट, प्रवासखर्च, जादा सराव यांतल्या कशाचाही धड्याला येण्याशी काडीचा संबंध असता कामा नये. आमिष दाखवून मिळवलेला होकार खरा नसतो. येशूने तर श्रीमंत तरुणाला मागे फिरू दिलं, त्याच्या पाठीमागे धावत जाऊन अटी सैल केल्या नाहीत (मार्क १०:१७-२२).

पायरी २: वीस मिनिटं ठरवा आणि पाळा

दमलेलं शरीर फार वेळ ऐकत नाही. सरावानंतर पाणी पिऊन, घाम पुसून बसलेल्या खेळाडूकडून वीस मिनिटं मिळतात; पंचविसाव्या मिनिटाला तो बुटाच्या नाड्यांशी खेळायला लागतो. मी साधारण असा क्रम धरतो: तीन मिनिटं त्या आठवड्यातल्या खेळाबद्दल एक प्रश्न, चार मिनिटं उतारा मोठ्याने वाचणं, आठ-नऊ मिनिटं चर्चा, एक मिनिट शांतता आणि उरलेला वेळ प्रार्थना. या सगळ्यात शांततेचं एक मिनिट सगळ्यात अवघड जातं. नवखा शिक्षक घाबरून ते बोलून भरून काढतो. भरू नका.

उतारा प्रत्येकाने थोडा थोडा वाचावा, पण वाचायला लाजणाऱ्यावर सक्ती नको. जुन्या वळणाच्या मराठीतलं बायबल कानाला भारदस्त वाटतं, मात्र तरुण खेळाडू त्यात अडखळतात. सोप्या मराठीतली एक प्रतही हाताशी ठेवा आणि तोच उतारा दोन्हींतून वाचा. दुसऱ्या वाचनात बरेचदा कुणीतरी मान वर करून म्हणतं, "असं आहे होय ते!"

चर्चेला प्रश्न दोनच पुरेत. एक उताऱ्याबद्दल: इथे कोण काय करतंय, आणि का? दुसरा आपल्याबद्दल: आपल्या मैदानावर हे कुठे दिसतं? "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मेहनत करावी, देवावर विश्वास ठेवावा, बस.

पायरी ३: वचन निवडताना आख्खा अध्याय वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

खेळाडूंचं सगळ्यात लाडकं वचन म्हणजे फिलिप्पै ४:१३. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, असा त्याचा भाव. ते बुटांवर लिहिलं जातं, मनगटावर गोंदवलं जातं, सामन्याआधी घोषणेसारखं म्हटलं जातं. पण पौल हे पत्र कैदेतून लिहितोय आणि आधीच्या दोन वचनांत तो सांगतो की भरपूर असताना आणि उपाशी असताना, दोन्ही स्थितींत समाधानी राहायला तो शिकलाय. म्हणजे "सर्व काही" यात हरणं आलं, वगळलं जाणं आलं, पायाला प्लास्टर घालून महिनोन्‌महिने बसून राहणंही आलं. अंतिम सामना जिंकून देण्याची हमी त्यात नाही. हे वचन खेळाडूकडून काढून घेऊ नका; वरच्या दोन वचनांसकट त्याला परत द्या. तसं दिलं की ते पराभवाच्या रात्रीसुद्धा उपयोगी पडतं.

यिर्मया २९:११ चं असंच. "तुमच्या भल्याचे संकल्प" एवढंच उचललं जातं. ते शब्द बाबेलला हद्दपार झालेल्या लोकांना लिहिलेत, आणि त्याच पत्रात, लगतच्या आधीच्या वचनात, सत्तर वर्षं थांबावं लागेल असं स्पष्ट म्हटलंय. पुढच्या निवड चाचणीशी त्याचा संबंध जोडणं अवघड आहे.

आता खेळाचा खराखुरा उल्लेख असलेला उतारा घेऊ: १ करिंथ ९:२४-२७. धावणारे सगळे धावतात पण बक्षीस एकाला मिळतं, स्पर्धक सगळ्या गोष्टींत संयम पाळतो, मी हवेत ठोसे मारत नाही, असं पौल लिहितो. हे त्याने करिंथच्या लोकांनाच का लिहिलं? करिंथच्या जवळ इस्थमिया इथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. विजेत्याला सोनं-नाणं नव्हे, पाइनच्या पानांचा मुकुट मिळे. काही काळ तो सुकलेल्या सेलरीचाही असे. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रे. कृत्ये १८:११) आणि तंबू बनवून पोट भरत होता. "नाशवंत मुकुट" म्हटल्यावर वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. मुकुट डोक्यावर चढवतानाच सुकायला लागलेला असायचा. धडा घेताना हे सांगितलंत की खेळाडू आपोआप आपल्या घरातल्या पदकांबद्दल बोलायला लागतात. कुठल्या खणात पडलीत, कुणाला आठवतात.

या उताऱ्यातलं शेवटचं वचन मात्र बहुतेक जण गाळतात. इतरांना उपदेश करून मी स्वतःच अपात्र ठरू नये, अशी भीती पौल व्यक्त करतो. हे वचन खेळाडूंपेक्षा कोचसाठी जास्त आहे. शिस्तीवर भाषण देऊन पंचांवर ओरडणाऱ्या प्रत्येकासाठी.

२ तीमथ्य २:५ छोटं पण कामाचं आहे. नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मुकुट मिळत नाही, एवढंच ते म्हणतं. प्राचीन ऑलिंपियात खेळाडूंना दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. फसवणूक करणाऱ्यांच्या दंडातून झ्यूसचे कांस्यपुतळे उभारले जात आणि ते मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवरच असत, म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसायचेच. हा धडा घ्याल तेव्हा उत्तेजक द्रव्यांवर नक्की बोला. आजच्या जागतिक नियमांनुसार नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला तर जबाबदारी खेळाडूचीच. "मला माहीत नव्हतं" म्हटल्याने तो सुटत नाही. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. खोकल्याचं औषध किंवा कुणी दिलेली पावडर घेण्याआधी यादी तपासणं, हे त्या वचनाचं सगळ्यात साधं पालन.

आणि एक वचन धावपटूंना मुद्दाम वाचायला द्या: स्तोत्र १४७:१०-११. परमेश्वराला घोड्याच्या बळात आनंद नाही, माणसाच्या पायांतही नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर धावपटू हसतात. मग गप्प होतात.

पायरी ४: एक नमुना धडा

कल्पना द्यायला एक पूर्ण धडा मांडतो. विषय: संघातून वगळलेला खेळाडू.

सुरुवातीचा प्रश्न असा ठेवा: मध्येच साथ सोडून गेलेला खेळाडू परत आला तर त्याला संघात घ्यावं का? लगेच दोन तट पडतील. पडू द्या.

मग वाचा प्रे. कृत्ये १३:१३ आणि १५:३६-४०. पौल आणि बर्णबा यांच्यासोबत योहान मार्क नावाचा तरुण दौऱ्यावर निघतो, पण पंफुल्यातल्या पिर्गा इथून तो त्यांना सोडून यरुशलेमला परततो. का, ते लिहिलेलं नाही. पुढच्या दौऱ्याला बर्णबा म्हणतो त्याला घेऊ, पौल म्हणतो अजिबात नाही. वाद इतका पेटतो की दोघे वेगळे होतात. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला जातो, पौल सीलाला घेऊन दुसरीकडे निघतो.

आता विचारा: कोणाचं बरोबर होतं? उतारा न्यायनिवाडा करत नाही, आणि तुम्हीही करू नका. पौलाची बाजू पटण्यासारखी आहे. दौरा धोक्याचा आहे, भरवशाचा माणूस हवा. बर्णबाची बाजूही पटते. चर्चा रंगली की कलस्सै ४:१० काढा. तिथे कळतं की मार्क हा बर्णबाच्या नात्यातला भाऊ होता. खेळाडू याच्यावर तुटून पडतात, कारण नातलगाची वर्णी लावणं प्रत्येक संघाने पाहिलेलं असतं. "म्हणजे वशिलाच की!" असं कुणी म्हणालं तर त्याला गप्प करू नका. शंका रास्त आहे. बायबलमधली माणसं आपल्यासारखीच गुंतागुंतीची होती, हे त्यातून आपोआप कळतं.

सगळ्यात शेवटी २ तीमथ्य ४:११ वाचा. पौल पुन्हा कैदेत आहे, शेवट जवळ आलाय आणि तो लिहितो की येताना मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ज्याला त्याने नाकारलं होतं तोच. मधली वर्षं कुणीतरी मार्कवर मेहनत घेतली होती.

एक मिनिट शांतता. मग आठवड्यासाठी एकच काम द्या, तेही दिसेल असं: या आठवड्यात राखीव फळीतल्या एका खेळाडूसोबत सरावाची जोडी करा. "सर्वांवर प्रेम करा" हे काम नव्हे. ते केलं की नाही, कुणाला सांगता येत नाही.

पायरी ५: पहिले सहा आठवडे

सुरुवात ओळखीच्या प्रश्नाने करा: मी कोण? मार्क १:९-११ घ्या. "तू माझा प्रिय पुत्र आहेस" हे शब्द येशूला त्याने एकही चमत्कार करण्याआधी, एकही प्रवचन देण्याआधी ऐकू येतात. ज्याची किंमत दर शनिवारी फलकावर ठरते त्या खेळाडूला हे उलटं वाटतं. म्हणूनच ते पहिलं. दुसऱ्या आठवड्यात नाशवंत मुकुट, म्हणजे वरचा १ करिंथ ९. तिसऱ्यात मार्क आणि बर्णबा. चौथ्यात मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातले मजूर. शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी, हे ऐकून पहिल्या मिनिटापासून खेळणारे चिडतात आणि बाकावरचे खूश होतात. दोघांनाही बोलू द्या. पाचव्यात इब्री १२:१-३, ओझं टाकून देऊन धावणं. सहाव्यात नवा धडा नकोच; मागच्या पाचांतलं काय उरलं आणि काय पटलं नाही ते विचारा. "पटलं नाही" हा भाग जास्त महत्त्वाचा.

सामन्याआधीची प्रार्थना

दोन्ही संघ प्रार्थना करतात आणि एकच जिंकतो, तेव्हा देव कुणाचा? लहान मुलं हे थेट विचारतात, मोठे मनात ठेवतात. येशू म्हणतो की पिता आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगवतो (मत्तय ५:४५). त्यामुळे विजयासाठीची प्रार्थना पाप आहे असं मी म्हणणार नाही. आतलं जे आहे ते देवासमोर ठेवायला हरकत कसली? पण सगळ्यांच्या वतीने मोठ्याने करायची प्रार्थना वेगळी असावी. जे आहे ते पूर्ण देता यावं, कुणाला दुखापत होऊ नये, डोकं शांत राहावं, पंचांना नीट दिसावं आणि समोरच्या संघातल्या माणसांचंही भलं व्हावं. समोरच्या कर्णधाराचं नाव घेऊन प्रार्थना केली की त्याला कोपर मारताना हात जरा आखडतो.

प्रार्थना छोटी ठेवा. वॉर्म-अपने गरम झालेलं अंग थंड होईल इतकी लांबवू नका.

रविवारचा प्रश्न

हा प्रश्न येणारच. सामने रविवारी असतात आणि उपासनाही. एरिक लिडेलचं नाव त्या वेळी हमखास निघतं, म्हणून त्याची गोष्ट नीट माहीत असू द्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. लिडेल त्या धावला नाही आणि रविवारमुळे रिले शर्यतींतूनही बाहेर राहिला. निर्णय आयत्या वेळचा नव्हता. वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं आणि त्याने तो वेळ ४०० मीटरच्या तयारीला लावला. ती शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत, त्या वेळच्या विश्वविक्रमासह जिंकली; २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला.

गोष्ट बहुतेक जण इथे थांबवतात, पण पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात लिडेल चीनमधल्या वेइश्येन इथल्या जपानी नजरकैद छावणीत होता आणि तिथल्या मुलांचे खेळ घ्यायचा. रविवारी खेळ नाही हा त्याचा नेम होता. मात्र रविवारच्या सामन्यात पोरं मारामाऱ्या करायला लागली, तेव्हा तो स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतल्या गाठीने त्या छावणीतच त्याचं निधन झालं. सुवर्णपदकासाठी जो नेम मोडला नाही, तो भांडणाऱ्या पोरांसाठी बाजूला ठेवला. या दोन्ही प्रसंगांवर मिळून एक अख्खा धडा होऊ शकतो.

दुसरं उदाहरण तिहेरी उडीतल्या जोनाथन एडवर्ड्सचं. रविवारमुळे त्याने १९९१ ची जागतिक स्पर्धा सोडली, १९९३ पासून मत बदलून रविवारी उतरू लागला, १९९५ मध्ये १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला आणि २००० मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आपला विश्वास उरलेला नाही, असं त्याने २००७ मध्ये जाहीर केलं. हेही सांगा. प्रसिद्ध खेळाडूंच्या साक्षीवर गटाचा विश्वास उभा केला, तर त्या खेळाडूसोबत तो पडूही शकतो.

रविवारी खेळावं की नाही याचं उत्तर तुमच्या मंडळीच्या शिकवणीवर आणि खेळाडूच्या विवेकावर सोडा. रोम १४:५-६ मध्ये पौलही प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी असं म्हणतो. उपासना चुकणाऱ्यांसाठी आठवड्यात दुसरी वेळ ठरवणं मात्र तुमच्या हातात आहे.

दुखापत, शरीर आणि उपवास

दुखापत झालेल्या खेळाडूकडे वचन घेऊन धावत जाऊ नका. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, झोपू देतो, मग परत उठवून खायला घालतो. देवाची वाणी नंतर येते, बरीच नंतर. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. फिजिओकडे सोबत जाणं आणि सरावाला येता येत नसलं तरी गटात बोलावत राहणं, एवढं आधी करा. "देवाच्या योजनेत असेल" हे वाक्य दुखापतग्रस्ताने स्वतः म्हटलं तर ऐका. तुम्ही म्हणू नका. आणि प्रार्थनेने बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती कमी करायला कुणालाही परवानगी देऊ नका.

१ करिंथ ६:१९, शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे वचन आहारावर भाषण देताना सर्रास वापरलं जातं. तिथे पौल लैंगिक पापाबद्दल बोलतोय. वजनगटाच्या खेळांत किंवा जिथे अंगकाठीकडे सतत बघितलं जातं अशा खेळांत, या वचनाने आधीच कमी खाणाऱ्या मुलीला आणखी अपराधी वाटू शकतं. उपवासाचंही तसंच. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत खेळाडू उत्साहाने उपवास धरतात, पण त्यामागे वजन उतरवायची घाई दडलेली असू शकते. वाढत्या वयातल्या मुलांनी आणि भरगच्च सराव असलेल्यांनी अन्न-पाण्याऐवजी दुसरं काही सोडावं. फोन सोडणं पुरेसं कठीण आहे. कुणी सतत जेवण टाळतंय असं दिसलं तर तो विषय वचनाचा राहत नाही, डॉक्टरांचा होतो.

मैदानावर विश्वास दाखवताना

हे थोडक्यात. आपल्या खेळाचे नियम आधी वाचा. फुटबॉलमध्ये चौथ्या नियमानुसार गणवेशावर किंवा आतल्या बनियनवरही धार्मिक मजकूर चालत नाही. दागिने चालत नाहीत, म्हणजे गळ्यातला क्रूसही काढावा लागतो आणि वर पट्टी चिकटवून तो झाकणंही मान्य नाही. गोल केल्यावर जर्सी काढली की पिवळं कार्ड ठरलेलं. पंचांशी यावर वाद घालणं ही साक्ष होत नाही. आणि गोल केल्यावर आकाशाकडे बोट दाखवणाऱ्याने पेनल्टी हुकल्यावर काय करायचं, हाही गटात विचारण्यासारखा प्रश्न आहे.

कोचसाठी वेगळी बैठक

कोचना खेळाडूंसमोर मन मोकळं करता येत नाही. त्यांची महिन्यातून एक वेगळी बैठक ठेवा, दोघे-तिघे असले तरी चालेल. पहिला उतारा निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच सगळ्यांचे तंटे सोडवतोय आणि त्याचा सासरा इथ्रो सांगतो की हे ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. सराव, निवड, प्रवास, पालकांचे फोन सगळं स्वतःच करणाऱ्या कोचला यावर वेगळं भाष्य लागत नाही. फक्त विचारा, तुमचं कुठलं काम पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्याला देता? दुसरा उतारा योहान १३, पाय धुण्याचा. इथे नाटकी होऊ नका; खेळाडूंचे पाय धुण्याचा कार्यक्रम करण्यापेक्षा सामन्यानंतर शंकू आणि चेंडू कोचने स्वतः गोळा केलेले बरे. तिसऱ्या बैठकीसाठी एक प्रश्न पुरतो: हरल्यावर घरी गेल्यावर घरच्यांना तुमच्यापासून लांब राहावं लागतं का? उत्तर घरच्यांना विचारून यायचं.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

संख्येवरून ओळखू नका. मोठ्या सामन्याआधी गर्दी वाढते आणि हरल्यावर ओसरते. तसं होत असेल तर गट धड्याला येत नाहीये, नशीब मागायला येतोय. पराभवानंतरच्या आठवड्यात कोण येतं ते पाहा. संघाबाहेर गेलेला खेळाडू अजून येतो का? गटातले खेळाडू आपापसातच घोळका करून बाकीच्या संघापासून तुटत तर नाहीत ना? तसं दिसलं तर एक-दोन आठवडे धडा बंद ठेवा आणि तो वेळ संपूर्ण संघासोबत घालवा.

हंगाम संपला की गटही थांबवा आणि पुढच्या हंगामात पुन्हा प्रत्येकाला विचारून सुरू करा. मधल्या काळात खेळाडूंना त्यांच्या मंडळीकडे जाऊ द्या. बदली होते, वय होतं, गुडघा साथ सोडतो, संघ एक दिवस सुटतो. त्या दिवशी त्यांना नावाने ओळखणारी मंडळी असावी, म्हणून पाळकांची आणि त्यांची गाठ तुम्ही आत्ताच घालून द्या.